बंबवाल्या काकांना विचारा

एरवी या सदरात गॅसची शेगडी, इन्व्हर्टर, गच्चीवरची लोंबती वायर असले प्रश्न येतात. नवरात्र उठलं की पत्रांना दारूचा वास यायला लागतो. या खेपेला तर जवळपास सगळी पत्रं फटाक्यांचीच. मी वकील नाही. सोलापुरात ३१ वर्षं बंबावर होतो. फायरमन म्हणून लागलो, सब ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. त्या ३१ वर्षांत लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरी पाटावर बसून जेवलेलं आठवत नाही, बायको फराळाचा डबा स्टेशनवर पाठवायची. कायदा जेवढा शिकलो तो आग विझल्यावर पंचनाम्याला उभं राहून शिकलो, त्यामुळं उत्तरं थोडी कडू लागतील.

आणखी एक. मी अंतर पावलांनी सांगतो. माझं पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे चार पावलांत तीन मीटर. खिशात टेप कुणाच्याच नसतो, पाय सगळ्यांना असतात.

काका, आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. वर घर. शेजारच्या बोळातली पोरं लक्ष्मीपूजनाला बाटलीत बाण लावतात आणि दरवर्षी एखादा तरी आमच्या पत्र्यावर येऊन पडतो. बोलायला गेलं की 'सणाला काय ओ अण्णा!' म्हणून हसतात. कायद्यानं काही करता येतं का?
— एक कारखानदार, साखर पेठ

अण्णा, कायदा नंतर. आधी तुमच्या पत्र्याचं बोलू.

बाण पत्र्यावर पडला तर पत्रा जळत नाही. भीती आहे ती पत्र्याखालच्या झरोक्याची. एका लक्ष्मीपूजनाला रात्री पावणेनऊला वर्दी आली. पेठेचं नाव सांगत नाही, घरची माणसं अजून तिथंच राहतात. बाण फुटक्या काचेतून आत गेला होता आणि सुताच्या कोनांच्या ढिगावर पडला होता. आम्ही पाऊण तास पाणी मारलं, ज्वाळा बसल्या, धूर थांबला, लोकांनी चहा पाजला. परत आलो. पहाटे तीनला त्याच पत्त्यावरून पुन्हा फोन! सुताचा गठ्ठा वरून भिजतो, पण आत ठिणगी धुमसत राहते आणि सहा-सहा तासांनी तोंड काढते. त्या दिवसापासून मी गठ्ठा उसकटून, एकेक कोन भिजवून झाल्याशिवाय कुणालाही जागा सोडू दिली नाही.

त्याहून वाईट म्हणजे कापसाची बारीक रुई. मागावरून उडते आणि पत्रा पेलणाऱ्या छताच्या कैच्यांवर, ट्यूबवर, पंख्याच्या पात्यांवर बसते. तिला ठिणगी लागली की ती वातीसारखी छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते आणि खाली जागोजागी पेटते तुकडे टाकत जाते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याची आग आपण सगळ्यांनी पाहिली. आठ जीव गेले. दिवाळीला तेव्हा पाच महिने होते, फटाका नव्हता. पण सूत आणि टॉवेल कसे पेटतात आणि वर-खाली घर-कारखाना असला की माणूस कसा अडकतो, हे सांगायला आता माझी गरज उरली नाही.

म्हणून धनत्रयोदशीच्या आत एवढं करा. कैच्यांवरची रुई झाडून काढा. झरोक्यांना बारीक तारेची जाळी ठोका. अंगणातला कोन आणि ताग्यांचा माल आत घ्या. वरून उतरायला दुसरी वाट नसेल तर निदान एक पक्की शिडी गच्चीला लावून ठेवा. कारखान्याच्या दाराशी पाण्याचा ड्रम आणि आपल्याच दोन सोलापुरी चादरी भिजवून ठेवा. जाड सुती चादर ओली असली की तिच्याएवढं स्वस्त हत्यार नाही. आणि रात्री बारापर्यंत घरातला एक माणूस जागा पाहिजे, मोबाईल न बघता.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २८८ प्रमाणं स्फोटक पदार्थ हलगर्जीपणानं हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल कलम १२५ वेगळं आहे. त्या वेळी ११२ ला फोन करा, वेळ आणि जागा लिहून ठेवा, व्हिडिओ काढा. हे सगळं तुम्हाला करता येतं.

मी तुमच्या जागी असतो तर मात्र आधी त्या पोरांना धनत्रयोदशीला चिवडा खायला कारखान्यात बोलावलं असतं. बहुतेकांनी शेजारचा माग कधी पाहिलेलाच नसतो. कैचीवरची रुई चिमटीत धरून बाहेर अंगणात काडी लावून दाखवा. एवढीशी रुई कशी भस्सकन जाते ते बघितलं की पुढचं बोलायला लागत नाही. आणि बाण लावायचाच तर बाटली निम्मी वाळूत पुरून, मोकळ्या पटांगणात, असं त्यांनाच सांगा. बोळात ठेवलेली रिकामी बाटली बाण सुटता सुटता कलंडते. बाण पोरांच्या नेमानं तुमच्याकडं येत नसतो, तो कलंडलेल्या बाटलीनं येतो.

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की आमच्या वाड्यात पहिला फटाका पाचला वाजायचा. आता नातू म्हणतो, आजी, हे बेकायदेशीर आहे. खरं का?
— एक आजी, बाळीवेस

खरं आहे, आजी. नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या, आणि त्याच्यावर रागावू नका.

कायद्याच्या लेखी रात्री १० ते सकाळी ६ म्हणजे रात्र. आपली पहाट त्यात झोपलेली धरली आहे. या वेळेत आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगितलं. पुढं २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० हे दोनच तास दिले. नाताळ आणि ३१ डिसेंबरला ११.५५ ते १२.३०. ज्या खटल्यात हे झालं तो दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावानं त्यांच्या वडिलांनी घातला होता. तमिळनाडूचं तुमच्यासारखंच दुखणं होतं, त्यांची दिवाळी पहाटेचीच. ते न्यायालयात गेले आणि दोन तासांचे तुकडे करून घेतले, सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते ८. म्हणजे त्यांनाही पाच वाजले नाहीतच. आपल्याकडं रात्रीचे दोन तास. शिवाय दिवाळीच्या तोंडावर शहरात पोलीस आयुक्तांचा आदेश निघतो, तो पेपरात येतो, आणि तो याहून कडक असू शकतो. तेवढा वाचा.

मलाही तो पहाटेचा फटाका आठवतो. उटण्यानं अंग चरचरतंय, केस ओले, आणि बाहेर कुणाचा फटाका आधी वाजतो यावर पैजा. पण पायाखाली कारीट फोडायला कुठला परवाना लागत नाही. ते जोरात फोडा.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला बालदमा आहे. म्हणून आम्ही आवाजाचे फटाके बंद केले, फक्त नागगोळ्या, फुलबाज्या आणि झाडं आणतो. दुकानदार म्हणतो, आता सगळा माल ग्रीनच येतो. ते खरं की नुसता शिक्का?
— एक आई, जुळे सोलापूर

ताई, तुम्ही आवाज बंद केलात ते बरोबर. पण दम्याला आवाज नाही, धूर लागतो, आणि तिथं घोटाळा झालाय.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला. श्वासातून थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारे जे बारीक कण असतात, ते सर्वांत जास्त कशातून निघाले? नागगोळीतून. हजाराच्या लडीपेक्षाही जास्त! त्या खालोखाल लड, मग पुलपुल, मग फुलबाजी, मग भुईचक्र आणि यादीच्या तळाशी झाड. नागगोळी आणि झाड यांच्यात दहापटीहून जास्त फरक होता. आणि नागगोळीवर तर पोरं कशी बसतात? उकिडवी, नाक गोळीच्या वर, साप किती लांब होतो ते बघत. म्हणून तुमच्या यादीतून नागगोळी आजच काढा. फुलबाजी कमी करा. एखादं झाड लावायचं असेल तर मुलगा वारा येतो त्या अंगाला, दहा पावलं मागं. धूर त्याच्याकडं वळला की घरात. पंप खिशात असू द्या, कपाटात नको. खरं विचाराल तर दम्याच्या मुलानं खिडकीतून बघितलेलं बरं. हे तुम्ही त्याच्या डॉक्टरांनाही विचारा.

आता ग्रीन. हे फटाके नागपूरच्या 'नीरी' या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेनं काढले. आतल्या मसाल्यात बदल करून धुराचे कण सुमारे ३० टक्के कमी केले आहेत. कमी, शून्य नाही. खोक्यावर नीरीचं हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. तो दुकानात उभं राहूनच मोबाईलवर बघा, घरी येऊन नको. कारखान्याचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला पाहिजे. फटाक्यांना मान्यता देणारं जे केंद्र सरकारचं खातं, 'पेसो', त्याचंही मुख्यालय नागपुरातच. म्हणजे फटाका शिवकाशीचा, लगाम आपल्या विदर्भाच्या हातात. बघा योगायोग.

दोन गोष्टी दुकानदारानं ग्रीन म्हणून दिल्या तरी घेऊ नका. एक, लड. एकमेकांना जोडलेल्या फटाक्यांवर २०१८ च्याच निकालात बंदी आली. दुसरी, बेरियम असलेला माल. हिरवा रंग बेरियमनं येतो आणि जुन्या पद्धतीच्या फुलबाजीच्या मसाल्यातही बेरियम नायट्रेटच असायचं. बेरियमची बंदी फक्त दिल्लीपुरती आहे अशी पळवाट काही जण काढत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ती सगळ्या देशाला लागू आहे.

मी बीए करतोय. आई विड्या वळते. तिच्या साठवलेल्या पैशांतून दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल टाकायचा विचार आहे. परवाना कुठं मिळतो? एक जण बिनलेबलचा माल निम्म्या भावात देतो म्हणतोय.
— एक विद्यार्थी, विडी घरकुल

बाळा, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो.

बिनलेबलचा माल म्हणजे आत काय आहे ते कुणालाच माहीत नसलेला माल. १९९२ पासून क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या मिश्रणावर देशात बंदी आहे. कारण हे मिश्रण विस्तवाची वाट बघत नाही. घासलं, आपटलं, ऊन लागलं तरी भडकतं. स्वस्त चोरट्या मालात, सीमेपलीकडून लपून येणाऱ्या मालात, क्लोरेट सापडतं. असं खोकं तू टेम्पोतून आपटून उतरवशील आणि आईच्या पत्र्याच्या घरात आठ दिवस ठेवशील. बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात १ जानेवारी २०२३ ला स्फोट झाला. गेल्या त्या कामावरच्या बाया. तुझ्या आईसारख्याच, हातावर पोट असलेल्या. त्या माणसाला आजच नाही म्हण.

परवान्याचं सोपं आहे. शहरात तात्पुरत्या स्टॉलचा अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हा प्रशासनाकडं. अर्जाची मुदत असते, ती दिवाळीच्या बरीच आधी संपते, म्हणून जाहिरातीवर डोळा ठेव. जागेच्या मालकाची संमती आणि अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला लागतो. आमचा माणूस येतो तेव्हा तो काय बघतो ते सांगतो. स्फोटक नियम २००८ मधला नियम ८४ हाच तो.

शेड न पेटणाऱ्या सामानाची पाहिजे. मंडपाचं कापड, बांबू, ताडपत्री चालत नाही. दोन शेडमध्ये तीन मीटर, म्हणजे चार पावलं. जवळच्या वस्तीपासून, शाळेपासून पन्नास मीटर, म्हणजे सदुसष्ट पावलं. दुकानं समोरासमोर तोंड करून नकोत. का ते सांगतो. एका शेडमधले बाण सुटले की ते सरळ समोर जातात, आणि समोर दुकान असलं की ते त्याच क्षणी दुसरं गिऱ्हाईक. एका ठिकाणी पन्नासाच्या वर दुकानं नाहीत. पणती, कंदील, गॅसबत्ती काहीही उघडी ज्योत नाही. दिवा भिंतीला किंवा छताला पक्का बसवलेला, लोंबती वायर नाही, आणि दुकानांच्या प्रत्येक रांगेला एक मुख्य बटण, जे खाली ओढलं की सगळी रांग अंधारात. 'एक फोडून दाखव की' असं गिऱ्हाईक म्हणेल. पन्नास मीटरच्या आत एकही फटाका उडवायचा नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

मी नोकरीत असताना एका मैदानावर एक दुकानदार लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्टॉलमध्ये गल्ल्यापुढं पणती लावून पूजा करत होता. मागं छतापर्यंत सुतळी बॉम्ब. मी पणती उचलली, बाहेर नेली आणि सदुसष्ट पावलं मोजून ठेवली. तो रडवेला झाला, लक्ष्मी बाहेर ठेवली म्हणाला. त्याच्या बायकोनं मात्र दुसऱ्या दिवशी स्टेशनवर करंज्या पाठवल्या.

धाकट्या भावाला स्टॉलवर बसवू नकोस. अठराच्या आतला पोरगा या कामावर चालत नाही. रात्री स्टॉलमध्ये झोपायचं नाही, कुणीच. आणि नफ्याचा हिशोब करताना उरलेल्या मालाचं काय, हे आधी घाऊकवाल्याशी बोलून घे. दिवाळीनंतर परवाना संपतो, माल संपत नाही.

मुलगा पुण्याला आहे. तिकडं फटाके स्वस्त मिळतात म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसनं बॅगेतून आणतो म्हणतोय. बंद खोक्यातले चालतात ना?
— एक गृहिणी, होटगी रोड

नाही चालत. बंद खोकं, उघडं खोकं, एक फुलबाजीचं पाकीट, काहीच नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणं तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यामुळं नुकसान झालं तर तेही त्याच्याच डोक्यावर. दंड छोटा वाटेल, कैद छोटी नाही. धावत्या डब्यात माणूस उतरून पळू शकत नाही, म्हणून हा कायदा एवढा कडक. एसटीतही नेऊ नये, कारण तेच. आणि मोबाईलवर 'शिवकाशीहून घरपोच' म्हणून जाहिराती येतात त्यांनाही पैसे पाठवू नका. संकेतस्थळांवरून फटाके विकायला २०१८ पासून मनाई आहे. पैसे गेले तर तक्रार करतानाच पंचाईत व्हायची.

मुलाला म्हणावं, पुण्याहून बाकरवडी आण.

गेल्या वर्षी भाच्याचा हात सुतळी बॉम्बनं भाजला. सासूबाईंनी टूथपेस्ट लावली, शेजारणीनं बर्फ, कुणीतरी शाई. नक्की काय करायचं असतं?
— एक मामी, विजापूर रोड

पाणी. साधं, गार, वाहतं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. पाच मिनिटांत पोरगं 'बरं वाटतंय' म्हणतं आणि आपण नळ बंद करतो, तिथं चुकतं. कातडीच्या खालचा थर अजून तापलेलाच असतो. आपल्या गावात नळाला रोज पाणी कुठलं! मग पिंपातलं घ्या आणि तांब्या-तांब्यानं ओतत राहा. दिवाळीत दाराशी जी बादली ठेवायची ती त्यासाठीच.

बर्फानं भाजलेली कातडी आणखी मरते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतलं काहीही लावलं की सिव्हिलमधल्या डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागतं, आणि त्या खरवडण्यानं पोरगं भाजण्यापेक्षा जास्त ओरडतं. मी ते ऐकलेलं आहे. बांगडी, अंगठी, हातातला दोरा सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैलसर गुंडाळा आणि न्या. चेहरा, तळहात, सांधे भाजले असतील तर जखम लहान दिसली तरी डॉक्टर पाहिजेच. रुग्णवाहिकेला १०८.

डोळ्याचं वेगळं. नुसती राख किंवा पूड गेली असेल तर स्वच्छ पाणी सोडा. पण मार लागला असेल, रक्त असेल, काही रुतलेलं असेल तर धुवायचं नाही, चोळायचं नाही, पट्टी दाबून बांधायची नाही. कागदी कप डोळ्यावर पालथा धरून थेट नेत्रतज्ज्ञ. आणि कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. खाली आडवं व्हायचं आणि लोळायचं, वरून ती ओली चादर. मुलींचे परकर, घागरे नायलॉनचे असले की ते जळत नाहीत नुसते, वितळून अंगाला चिकटतात. चिकटलेलं ओढून काढू नका. आणि फुलबाजीला बायका 'पोरांचा फटाका' म्हणतात! पाणी १०० अंशांवर उकळतं, फुलबाजीची तार हजाराच्या वर जाते. विझली की ती बादलीत टाकायची, अंगणात नाही. अनवाणी पोरगं पाय टाकतंच.

आता भाच्याचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी सांगतो. वात पेटली, बॉम्ब वाजला नाही, तो वाकून बघायला गेला. बरोबर? माझी डावी भुवई अर्धी आहे. बाराव्या वर्षी फुसक्या लक्ष्मी तोट्याला फुंकर घालायला गेलो होतो. भुवई गेली, डोळा वाचला, आणि वडिलांनी वर चोप दिला तो निराळा. फुसका फटाका मेलेला नसतो. अर्धा तास त्याच्याकडं कुणी जायचं नाही, मग लांबून बादलीभर पाणी. दुसऱ्यांदा वात लावायची नाही, उचलायचा नाही, लाथ मारायची नाही.

काका, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एवढं मोठं दारूकाम होतं त्याला परवानगी आहे, आणि आम्ही दोन सुतळी बॉम्ब लावले की पोलीस ओरडतात. हा अन्याय नाही का?
— इयत्ता नववी, पार्क चौकाजवळ

तुझं पत्र मला सगळ्यांत आवडलं. सरळ विचारलंस.

सिद्धेश्वर यात्रेत मी बरीच वर्षं होम मैदानावर बंबाशेजारी उभा होतो. नंदीध्वज, अक्षता, होम सगळं झालं की शोभेचं दारूकाम. लोक वर बघत असतात. आम्ही खाली बघतो. तिथं काय काय असतं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. उडवणाऱ्यांकडं वेगळा परवाना असतो. नळ्या जमिनीत पक्क्या रोवलेल्या असतात. लोक दोरीच्या पलीकडं, आणि दोरीच्या अलीकडं आलं की पोलीस तुझ्यावर ओरडतात त्याच्या दुप्पट त्यांच्यावर ओरडतात. उडवणारा वात लावायला लांब काठी वापरतो, कधी नळीवर वाकत नाही. आणि सगळ्यात शेवटी, गर्दी भेळ खायला पांगली की ती माणसं टॉर्च आणि बादली घेऊन मैदान पावलापावलानं धुंडाळतात, न फुटलेलं काही राहिलंय का ते बघत. हे कुणी बघत नाही. दारूकामातलं मला हेच सगळ्यात आवडतं.

आता तुझे दोन बॉम्ब. तू लावले कुठं? पार्क चौकाजवळ दवाखाने आहेत, शाळा आहेत. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात आवाजाचा फटाका आठ ते दहा या वेळेतही चालत नाही. माझी एकशे तेहतीस पावलं, तुझी दीडशे धर. लावले किती वाजता? आणि बॉम्ब कसला? फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायलाच बंदी आहे. खोक्यावर परवाना नसेल तर तो तुझ्या बोळात कितीनं वाजला ते देवच जाणे. ही तीन उत्तरं मला लिहून पाठव. तिन्ही बरोबर असतील तर पोलीस चुकले असं मी याच सदरात छापीन.

गेल्या दिवाळीत उरलेले फटाके माळ्यावर ठेवलेत. ३१ डिसेंबरला वापरू म्हणतोय. काही हरकत?
— एक निवृत्त शिक्षक, सात रस्ता

सर, माळ्यावरून आज उतरवा. पत्र्याखालचा माळा सोलापूरच्या उन्हात काय तापतो ते तुम्हाला सांगायला नको, आणि तिथं आग लागली तर पहिल्यांदा कळतं ते छत पडल्यावर. ३१ डिसेंबरपर्यंत ठेवायचेच असतील तर थोडे, कोरड्या पत्र्याच्या डब्यात, स्वयंपाकघर आणि देवघरापासून लांब, आणि घरात सगळ्यांना डबा कुठं आहे ते माहीत पाहिजे. दमट झालेले, वात तुटलेले, दारू सांडलेले ठेवू नका. वाळवायला उन्हात तर मुळीच घालू नका. दरवर्षी कुणीतरी पापडासारखे गच्चीवर पसरतं.

असला खराब माल बादलीत बुडवा. एक रात्र नाही, दोन रात्री. सुतळीचा गुंडाळा जाड असतो, आत पाणी जायला वेळ लागतो. मग ओल्याच पिशवीत बांधून, घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात द्या आणि आत काय आहे ते तोंडानं सांगा. कचऱ्यात गुपचूप टाकू नका, तो माणूस पिशवी पायानं दाबून बसवतो.